घरची जिंजर बिअर: सगळे ‘छान’ म्हणतात, पण पेला अर्धाच राहतो

तक्रार अशी आहे. घरी केलेली जिंजर बिअर पाहुण्यांपुढे ठेवली की पहिल्या घोटाला सगळे म्हणतात, “छान झालंय की हो.” पंधरा मिनिटांनी ट्रे उचलायला जावं, तर निम्म्या पेल्यांत निम्मं तसंच उरलेलं. मग पुढच्या खेपेला साखर वाढवायची, त्याच्या पुढच्या खेपेला आलं कमी करायचं, लिंबू बदलून बघायचं. पुन्हा तेच ‘छान’, पुन्हा तेच अर्धे पेले. बेळगावात अनगोळला आमच्या घरी हे दीड वर्ष चाललं. तुमच्याकडेही असंच होत असेल तर कृतीला हात लावण्याआधी हे वाचा. मी उलट्या क्रमाने गेलो आणि त्यात बरंच आलं, साखर आणि वेळ गेला.

एक गोष्ट आधीच सांगतो. माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) आणि हॉप्स (कडवट फुलं) यांची खरी बिअर मी घरी करत नाही. कर्नाटकात परवान्याशिवाय ती करणं १९६५ च्या अबकारी कायद्याप्रमाणे गुन्हा आहे, आणि सीमा ओलांडून चंदगड-गडहिंग्लजला गेलं तरी तिकडे महाराष्ट्राचा दारूबंदी कायदा आहेच. जिंजर बिअर म्हणजे आलं, साखर, लिंबू आणि पाणी आंबवून केलेला सोडा. इंग्लंडात अठराव्या शतकापासून लोक तो घरोघर करत आले. दोन-तीन दिवसांत बाटली फ्रिजमध्ये गेली तर त्यात अल्कोहोल अगदी थोडं असतं, पण असतं. म्हणून माळकरी मंडळींना, लहान मुलांना आणि गरोदर बाईला मी ती देत नाही, त्यांच्यासाठी वेगळं लिंबू सरबत करतो. बाकी आंबवण्यातले दोष आणि पिणाऱ्याच्या जिभेचा स्वभाव, दोन्ही पेयांत सारखेच. त्यामुळे बिअरवाल्यांनी शिकून ठेवलेलं पुष्कळ आपल्याही कामाला येतं.

माझं माप: ४ लिटर पाणी, ३५० ग्रॅम साखर, १५० ग्रॅम आलं, ४ लिंबं आणि पेलाभर आल्याचं विरजण. हे विरजण म्हणजे बरणीत पाणी घेऊन रोज चमचाभर किसलेलं आलं सालासकट आणि चमचाभर साखर घालत राहायचं. आल्याच्या सालीवरचं यीस्ट आणि जिवाणू उन्हाळ्यात चौथ्या दिवशी बुडबुडे काढायला लागतात, डिसेंबरात आठवडा लागतो. वर बुरशीचा तवंग दिसला तर बरणी रिकामी करून नव्याने सुरुवात करायची, चमच्याने काढून चालवायचं नाही.

आधी गेज तपासा

मी उद्यमबागेत एका फाउंड्रीत इन्स्पेक्शनला आहे. आमच्याकडे एकदा एका भागाचं रिजेक्शन अचानक वाढलं. मोल्डिंगवाल्यांनी वाळू तपासली, मशीनवाल्यांनी टूल बदलले, रिजेक्शन हलेना. शेवटी कळलं की प्लग गेजची, म्हणजे भोकाचं माप तपासायच्या दांड्याची, नो-गो बाजू झिजून बारीक झाली होती. जी बाजू बरोबर भोकात शिरायलाच नको, ती शिरत होती, आणि चांगला माल लाल डब्यात पडत होता. माल ठीक होता, मोजणारं साधन चुकत होतं.

जिंजर बिअरच्या बाबतीत माझं गेज म्हणजे पाहुणे, आणि ते गेज झिजवत होतो मी स्वतः. हे लक्षात येईपर्यंत मी पेयच दुरुस्त करत बसलो होतो.

पहिली चूक माझ्या प्रश्नात होती. “कसं झालंय?” या प्रश्नाला आपल्याकडे एकच उत्तर आहे. खाल्ल्या घरचे वासे मोजायचे नाहीत ही शिकवण आपल्या सगळ्यांच्या अंगात मुरलेली आहे, आणि ती चांगलीच आहे. पण त्यामुळे ‘छान’ या शब्दातून पेयाबद्दल काहीच कळत नाही. त्यातून पाहुणा मोठ्या मनाचा आहे एवढंच कळतं. मी आता ‘कसं’ विचारत नाही. “यातलं एक काही कमी करायचं तर काय करू?” असं विचारतो. इथे टीका करावी लागत नाही, फक्त निवड करायची असते, म्हणून माणूस खरं बोलतो. वहिनींनी पहिल्यांदा या प्रश्नाला उत्तर दिलं ते “वास”. गोडी, आंबटपणा, तिखटपणा यांतलं काहीच नाही. दीड वर्षात वासाबद्दल कुणी अक्षर काढलं नव्हतं. आणि पाहुणे गेल्यावर उरलेलं मेजरिंग कपात ओतून वहीत लिहितो. रिकाम्या पेल्याइतकं स्पष्ट मत तोंडाने कुणी देत नाही.

दुसरी चूक त्याहून मोठी. पेला हातात देतानाच मी म्हणायचो, “या वेळी जरा आंबट झालीय, सांभाळून घ्या.” नम्रता म्हणून. २००६ साली अमेरिकेतल्या तीन संशोधकांनी केंब्रिज शहरातल्या पबमध्ये केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. बिअरमध्ये बाल्सामिक व्हिनेगरचे काही थेंब टाकून लोकांना साध्या बिअरबरोबर ती चाखायला दिली. काहीच न सांगता दिली तेव्हा बऱ्याच जणांना व्हिनेगरवालीच जास्त आवडली. चाखण्याआधी सांगितलं तेव्हा तिला पसंत करणारे एकदम घटले. आणि चाखून झाल्यावर सांगितलं तर मत फारसं बदललं नाही. म्हणजे आधी सांगितलेली गोष्ट माणूस मनात धरून पीत नाही, तो तीच पितो. मी स्वतःच्या तोंडाने प्रत्येकाच्या पेल्यात आंबटपणा टाकत होतो. पेय आंबवलेलं आहे आणि त्यात किंचित अल्कोहोल आहे, हे आधी सांगायलाच हवं, त्यात तडजोड नाही. चवीबद्दलची आपली धाकधूक मात्र पेला रिकामा होईपर्यंत आपल्यापाशीच ठेवावी.

नावाचाही असाच परिणाम होतो. ‘बिअर’ म्हटलं की तरुण पोरं जाड फेस आणि कडूपणा शोधतात. जिंजर बिअरला तो फेस येणं शक्य नाही, कारण बिअरचा फेस टिकतो तो माल्टमधल्या प्रथिनांवर आणि हॉप्सवर, आणि आपल्या पेयात दोन्ही नाहीत. बुडबुडे येतात आणि विरतात. त्यांना वाटतं पेय शिळं झालं. दुसरीकडे आत्या ‘बिअर’ ऐकून पेला ओठाला लावून खाली ठेवायच्या, म्हणजे मान राखल्यासारखंही होतं आणि प्यावंही लागत नाही. आता मी ‘आंबवलेला आल्याचा सोडा’ म्हणतो. हे नाव खरं आहे, आणि ऐकणाऱ्याची जीभ योग्य ठिकाणी जाऊन उभी राहते.

आणि कुंदा, आमच्याकडची खव्याची मिठाई. बेळगावात पाहुणा आला म्हणजे कुंदा पुढे येणारच. माझ्या चुलतभावाच्या वास्तुशांतीला वडगावात मी बारा बाटल्या घेऊन गेलो होतो. जेवण झालं, कुंदा फिरला आणि त्यानंतर माझे पेले फिरले. सगळ्यांनी तोंडं वाकडी केली. तीच खेप मी आदल्या दिवशी मिरची भज्यांबरोबर दिली होती तेव्हा संपली होती. खवा आणि साखरेने भरलेल्या जिभेला कुठलंही लिंबाचं पेय नुसतं आंबट लागतं, गोडी जाणवतच नाही. माझ्या वहीत ‘फार आंबट’ असा शेरा असलेल्या पाच खेपा आहेत, त्यातल्या चार गोडाच्या मागून दिलेल्या. आता क्रम पक्का आहे: आधी सोडा, मग कुंदा. फार तिखट जेवणानंतरही देत नाही. आल्याचा तिखटपणा आणि मिरचीचा तिखटपणा तोंडात एकाच ठिकाणी लागतो, त्यामुळे आग वाढते. तुमच्या घरचं कालवण झणझणीत असेल तर आलं आधी पाण्यात उकळून घ्या. उकळल्याने त्याची धार कमी होते. सुंठ घालत असाल तर सावध, ती ओल्या आल्याहून जास्त झोंबते.

दिसण्याबद्दल थोडक्यात. बाटलीच्या तळाशी यीस्टचा गाळ बसतो. बाटली हलवून ओतली की पेय गढूळ होतं, आणि गढूळ पेय लोक संशयानेच पितात. चोवीस तास फ्रिजमध्ये उभी ठेवा, एका दमात हळू ओता, तळातलं दोन बोटं सोडून द्या. पेले नुसत्या पाण्याने नीट खंगाळा, साबणाचा ओशटपणा बुडबुडे मारतो.

रंगाची ताकद किती असते, यासाठी एकच उदाहरण देतो. फ्रान्समध्ये बोर्डो इथे वाइनचा अभ्यास करणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन बिनवासाच्या रंगाने लाल करून दिली, तर त्यांनी तिचं वर्णन लाल वाइनसाठी वापरतात त्या शब्दांत केलं. हे २००१ साली प्रसिद्ध झालं. शिकलेल्या नाकांची ही गत. आपल्या काकू-मामांना गढूळ पेला देऊन न्याय मागणं बरोबर नाही.

तीन पेल्यांची परीक्षा

एवढं करूनही अर्धे पेले उरत होतेच, फक्त कमी झाले होते. आता मात्र माल तपासायची वेळ होती. इथे मला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे त्रिकोणी चाचणी. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग ब्रुअरीत १९४० च्या दशकात ती रुळली, आणि आज मसाल्यापासून चहापर्यंत सगळीकडे वापरतात.

प्रत्येकाला तीन पेले द्यायचे. दोनांत एकच पेय, तिसऱ्यात वेगळं. कोणता वेगळा, एवढंच विचारायचं. आवडलं का, हे विचारायचं नाही. ज्याला फरक कळत नाही तो अंदाजाने सांगेल आणि तिघांपैकी एकजण अंदाजानेही बरोबर येईल. म्हणून नुसते तीन-चार बरोबर आले तर त्याला अर्थ नाही. सहा माणसांत किमान पाच, नऊमध्ये सहा, बारामध्ये आठ बरोबर आले तर फरक खरा धरायचा. एवढ्या थोड्या माणसांवरून निष्कर्ष काढायचं गणितसुद्धा दारूभट्टीशी जोडलेलं आहे. डब्लिनच्या गिनीज ब्रुअरीत काम करणारे विल्यम गॉसेट यांनी थोड्या नमुन्यांच्या गणिताचा पाया १९०८ साली ‘स्टुडंट’ या टोपणनावाने मांडला. आम्ही फाउंड्रीत आजही ते वापरतो.

घरात करायला स्टीलचे पेले उत्तम, कारण रंग दिसत नाही. बुडाला मार्करने आकडे टाकायचे, आणि ओतणारा माणूस वेगळा, देणारा वेगळा ठेवायचा. ओतणाऱ्याचा चेहरा बघून लोक ओळखतात. आमच्याकडे बायको आत ओतते, मी गच्चीवर नेऊन देतो, मला स्वतःला कोणत्यात काय ते माहीत नसतं.

पहिली चाचणी केली आल्याच्या मापाची: १५० ग्रॅमवाली आणि १२० ग्रॅमवाली. शेजारी, मित्र आणि मेहुणा मिळून नऊ जण होते. चार बरोबर आले. म्हणजे ज्या तीस ग्रॅमवर मी महिनोन्‌महिने डोकं घालवलं, तो फरक जिभांना कळतच नव्हता. त्या दिवसापासून आल्याचं माप वहीतून काढून टाकलं.

दुसरी चाचणी वहिनींच्या ‘वासा’वरून सुचली. एक खेप नळाच्या पाण्याची, दुसरी तेच पाणी उकळून गार केलेल्याची. बाकी सगळं सारखं. नऊपैकी आठ जणांनी वेगळा पेला अचूक उचलला. एकाने पेला नाकाशी नेऊन लगेच दूर धरला आणि म्हणाला, “ह्याला डेटॉलचा वास येतोय बघ.”

तो वास

हा शब्द मी हसण्यावारी नेला असता, पण तो अगदी बरोबर होता. पाण्यातला क्लोरीन आणि आल्यातून किंवा यीस्टच्या कामातून येणारी फिनॉल जातीची द्रव्यं एकत्र आली की क्लोरोफिनॉल तयार होतात. डेटॉलमधलं मुख्य द्रव्य, क्लोरोझायलेनॉल, हेही त्याच कुळातलं. हे पदार्थ नाकाला इतक्या कमी प्रमाणात लागतात की पाण्याला स्वतःला क्लोरीनचा वास जाणवत नसला तरी पेयाला दवाखान्याचा वास येऊ शकतो. पहिल्या घोटात आलं आणि लिंबू त्याला झाकतात. म्हणून ‘छान’. पेला जरा कोमट झाला, बुडबुडे उडाले की तो वर येतो. म्हणून अर्धा पेला. पंधरा मिनिटांचं कोडं इथे सुटलं.

दोष दर खेपेला का येत नव्हता, हेही मग उलगडलं. वहीत मी तारखा लिहीत होतो, आणि घरात कॅलेंडरवर बायको पाणी सुटलेल्या दिवशी खूण करते. दोन्ही शेजारी ठेवले. पाणी आलेल्या दिवशी थेट नळाखाली पातेलं धरून केलेल्या खेपा वाईट, आणि दोन-तीन दिवस पिंपात राहिलेल्या पाण्याच्या खेपा चांगल्या. राकसकोपचं धरण असो की हिडकलचं, आपल्यापर्यंत येणाऱ्या पाण्यात क्लोरीन असायलाच हवा, तो आपलं पोट सांभाळतो. पेयासाठी मात्र तो काढून घ्यायचा. पाणी झाकण न ठेवता पंधरा मिनिटं उकळायचं, किंवा रुंद तोंडाच्या भांड्यात पातळ फडक्याने झाकून चोवीस तास ठेवायचं. दोन्ही करूनही वास राहिला तर कार्बन फिल्टरचं पाणी घेऊन बघा. बाटल्या ब्लीचच्या पाण्याने धूत असाल तर तेही बंद करा किंवा नंतर उकळलेल्या पाण्याने तीन-चारदा खंगाळा. माझ्या भावाकडे खानापूरला विहिरीचं पाणी आहे, तरी त्याला हाच वास यायचा. त्याचं कारण बाटल्यांत निघालं.

ज्याने केलं त्याला हा वास सगळ्यात शेवटी कळतो. पाच दिवस त्याच बरणीभोवती वावरल्यावर नाक सरावतं. वेगळा पेला ओळखणाऱ्या आठ जणांनी दाखवल्यानंतरही मला दोन दिवस तो जाणवत नव्हता. म्हणून ‘मला तर काही वास येत नाही’ हा पुरावा धरू नका.

बाकीचे दोष लवकर सांगून टाकतो.

सडक्या अंड्याचा वास: हायड्रोजन सल्फाइड. नुसत्या साखरेच्या पाण्यात यीस्टची उपासमार झाली की तो येतो. आलं सालासकट घाला, मूठभर मनुका टाका. गूळ वापरत असाल तर पिवळाधमक घेऊ नका. तो रंग यावा म्हणून गुऱ्हाळात हायड्रॉस ही रंग उजळवणारी रासायनिक पूड घालतात, आणि त्यातल्या गंधकाचंही यीस्ट तेच करतं. काळपट गूळ घ्या. वास हलका असेल तर बाटली उघडून तासभर ठेवली की बहुधा जातो.

खरोखरच फार आंबट, म्हणजे कुंद्याआधीही आंबट: उष्णता. एप्रिल-मेमध्ये जिवाणू यीस्टच्या पुढे पळतात. जिंजर बिअरचं मूळ विरजण म्हणजे यीस्ट आणि जिवाणू यांचा जोडसंसार आहे, हे मार्शल वॉर्ड या इंग्लिश शास्त्रज्ञाने १८९२ सालीच दाखवून दिलं. आपली बरणीही तशाच संसारावर चालते, आणि ऊन वाढलं की त्यातला तोल बिघडतो. बरणी मोरीजवळच्या गार फरशीवर ओल्या फडक्यात ठेवा आणि बाटल्या चोवीस तासांतच फ्रिजमध्ये टाका.

बुडबुडेच नाहीत: बहुतेक वेळा झाकण गळतं. सोड्याच्या प्लॅस्टिक बाटल्या वापरा, हाताने दाबून कळतं. बाटली दगडासारखी घट्ट झाली की लगेच फ्रिजमध्ये. काचेची बाटली खोलीत विसरू नका, ती फुटते आणि काचा भिंतीपर्यंत जातात. आमच्या स्वयंपाकघरात हे एकदा झालंय, सुदैवाने रात्री, कुणी नसताना.

गेल्या शिवजयंतीच्या मिरवणुकीला आत्या चंदगडहून आल्या होत्या. उकळलेल्या पाण्याची खेप होती, नाव सांगितलं ‘आंबवलेला आल्याचा सोडा’, त्यात किंचित अल्कोहोल असतं तेही सांगितलं, आणि कुंदा आत ठेवून दिला. त्यांनी पेला संपवला, पदराने ओठ टिपले आणि पेला माझ्यापुढे धरला, “अजून हाय काय रे?” जाताना एक बाटली मागितली. एसटीत भर उन्हात ती फुटेल म्हणून दिली नाही. त्याऐवजी विरजणाची छोटी बरणी दिली, झाकण सैल ठेवून, वर फडकं बांधून. त्यांना विहिरीचं पाणी आहे. बाटल्या कशाने धुतात, एवढं तेवढं विचारून घेतलं.